मदत हवी आहे: बाळाच्या लघवीत साखर, पण ग्लुकोज नाही

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. बालरोगतज्ज्ञांनी नऊ दिवसांच्या बाळाची लघवी पाठवलीय. कावीळ उतरत नाही, दूध पाजलं की उलटी, वजन घटतंय. ग्लुकोजची स्ट्रिप कोरी, बेनेडिक्ट चाचणी मात्र चक्क विटकरी, म्हणजे साखर भरपूर! डॉक्टरांना गॅलॅक्टोसेमियाची (दुधातली गॅलॅक्टोज साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) शंका आहे आणि साखर नेमकी कोणती ते हवंय.

स्ट्रिपवरचं एन्झाइम फक्त ग्लुकोज ओळखतं, बेनेडिक्टला कुठलीही रिड्यूसिंग साखर (ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज, लॅक्टोज) चालते, इतपत ठाऊक आहे. सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक चालू आहे, त्यानेही बेनेडिक्ट फसते ना? फ्रुक्टोजसाठीच्या सेलिवनॉफ चाचणीला लाल रंग नाही, मग फ्रुक्टोज बाद धरू? साखरा वेगवेगळ्या करून दाखवणारी क्रोमॅटोग्राफी आमच्याकडे नाही. म्युसिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांवर (गॅलॅक्टोज असेल तर बनतात ते) विसंबावं का? नमुना फ्रिजमध्ये आहे, लवकर सांगा.

प्रतिसाद:

सेफॅलोस्पोरिनने फसू शकते, हो. पण ही लक्षणं असताना सगळा दोष औषधावर टाकू नका.

म्युसिक अ‍ॅसिड नको. लॅक्टोजमध्ये, म्हणजे दुधातल्या साखरेत, निम्मं गॅलॅक्टोजच, त्यामुळे स्फटिक दोघांचेही येतात, आणि अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या लघवीतही थोडं लॅक्टोज सापडतं. वेगळं ओळखायचं तर थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, शेजारी शुद्ध साखरांचे नमुने लावून. फ्रुक्टोजचं म्हणाल तर घरच्यांनी मध किंवा साखरपाणी चाटवलंय का विचारा. (आपल्याकडे "नाही" म्हणतात आणि आजीने चाटवलेलं असतं.) नुसत्या दुधावर असेल तर फ्रुक्टोज येणार कुठून?

पण लघवीवर निदान ठरत नाही. यकृत दुसऱ्या कशाने बिघडलं तरी गॅलॅक्टोज उतरतं. उलट दूध थांबवून सलाइन लावलं की आजार असूनही लघवी स्वच्छ. निर्णायक चाचणी रक्ताची, लाल पेशींतल्या, गॅलॅक्टोज पचवणाऱ्या गाल्ट एन्झाइमची. रक्त चढवणार असतील तर नमुना त्याआधीच घ्या, नाहीतर दात्याच्या पेशींतलं एन्झाइम मोजलं जाईल.

आणि डॉक्टरांना आत्ता फोन करा. शंका असेल तर अहवालाची वाट बघत नाहीत. आईचं, वरचं, दोन्ही दूध बंद करून लॅक्टोज नसलेलं सोयाचं देतात. या बाळांना ई. कोलायचा जंतुसंसर्ग जिवावर बेततो.

धागाकर्ता:

धन्यवाद! डॉक्टरांनी दूध थांबवलं. जन्मल्या दिवशी मध चाटवला होता, नंतर नाही. गाल्टसाठी रक्त ईडीटीएत घ्यायचं की हेपरिनमध्ये (दोन्ही रक्त गोठू न देणारी)?

प्रतिसाद:

लॅबगणिक वेगळं असतं. जिथे पाठवताय तिथे विचारूनच घ्या. थंड ठेवून पाठवा, पण गोठवू नका.