पाचारण हवंच, पण तयारीही हवी

एका बंधूंनी लिहिलंय की, पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, खरं असेल तर पाळक होण्यासाठी बायबल कॉलेजात घालवलेली तीन-चार वर्षं वायाच जातात. मला हे पटत नाही. मी सोलापुरात बरीच वर्षं पाळकीय सेवेत आहे आणि आजही त्या वर्षांच्या शिदोरीवर जगतोय.

कॉलेजात पहिला संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, लिहून दिला, तेव्हा सरांनी वही परत केली. समासात लाल शाईनं एकच ओळ होती: 'ऐकणारा कुठे आहे?' आजही शनिवारी रात्री, रविवारचा संदेश तयार करताना, ती ओळ डोळ्यांपुढे येते.

जुन्या कराराची मूळ भाषा हिब्रू शिकताना तर घाम फुटायचा. पण बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राच्या शेवटी कल्याण आणि दया 'पाठलाग करतात', शत्रूचा करावा तसा, हे तिथंच कळलं. पुढे एका विडी कामगार माउलीचा तरुण मुलगा गेला, तेव्हा घरात बसून मी तिला तेवढंच सांगितलं. अर्धी मंडळी तेलुगू बोलणारी होती, तरी पोचलं.

आपल्याकडे अशा शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सेरामपूर कॉलेज १८१८चं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली, १९८३ मध्ये पुण्याला आली.

एक उणीव मात्र मान्य करतो: मंडळीचे, म्हणजे चर्चचे, हिशेब आणि जमिनीची कागदपत्रं कुणी शिकवली नाहीत. ती इथंच, ठेचा खात शिकलो. बायबल कॉलेजला जाणाऱ्या मुलांनी सुट्टीत एखाद्या जुन्या पाळकासोबत घरभेटींना जरूर फिरावं.