सूर, बुडी आणि हेस्परॉर्निस

प्रश्न: हेस्परॉर्निस या डायनोसॉरच्या काळातल्या, आता नामशेष झालेल्या पक्ष्यावरच्या लेखाचा अनुवाद करायचा आहे. ‘पेंग्विनसारखा, सूर मारून मासे पकडणारा, दातांच्या चोचीचा पक्षी’ असं वर्णन चालेल का?

— ‘सूर’ काढाच. सूर हवेतून मारतात, खंड्या मारतो तसा. पोहता पोहता पाण्याखाली जाणं म्हणजे बुडी. हेस्परॉर्निसला उडताच येत नव्हतं, तर सूर कुठून मारणार? पंखात दंडाचं बारीक हाड तेवढं उरलेलं, आणि उड्डाणाचे स्नायू जिला धरतात ती छातीच्या हाडावरची उभी कडही गेलेली.

— पेंग्विनही नको. पेंग्विन पंखांनी पाणी मारतो आणि जमिनीवर ताठ उभा राहतो. हा पायांनी पाणी मारायचा. पाय धडाच्या पार मागे आणि बाजूला फाकलेले, त्यामुळे किनाऱ्यावर पोटावर घसटतच सरकत असावा. तुलना हवीच तर टिबुकलीशी करा, तळ्यात बुड्या मारणारा तो छोटा पक्षी. बरेच जण पाणकावळा लिहितात, पण त्याची चारही बोटं एका पडद्याने जोडलेली असतात. टिबुकलीच्या प्रत्येक बोटाला वेगळी झालर असते. हेस्परॉर्निसचं बाहेरचं बोट सर्वांत लांब आणि बोटांची ठेवण टिबुकलीच्या जवळची, म्हणून झालरीचा अंदाज बांधतात. हेस्परॉर्निसची लांबी मात्र जोडीला द्या: सुमारे १.८ मीटर.

— टिबुकलीला ‘पाणबुडी’ही म्हणतात. मथळ्यात ‘दात असलेली पाणबुडी’ लिहिलंत तर वाचक थेट नौदलात पोचेल.

— ‘दातांची चोच’ चूक. खालच्या जबड्यात दातांची लांब रांग होती, वरच्या जबड्यात फक्त मागच्या भागात. वरचं टोक बिनदाती, तिथे खरी चोच. दात एकेका खोबणीत नव्हे, तर लांब चरात बसलेले. ‘चोचही आणि दातही’ असं लिहा. ‘दंतपक्षी’ विशेषण म्हणून ठीक. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ मार्श यांनी दात असलेल्या पक्ष्यांचा जो गट मांडला, तो आता मानत नाहीत, तेव्हा गटाचं नाव म्हणून नको.

— मग नावाचं मराठीकरण ‘सांजपक्षी’?

— नको, संध्याकाळी फिरणारा वाटेल. ग्रीक ‘हेस्पेरोस’चा इथला अर्थ पश्चिमेकडचा. मार्श यांनी १८७२ मध्ये हे नाव दिलं ते अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कॅन्ससमधल्या खडूच्या थरांतल्या सांगाड्याला. नाव आहे तसंच ठेवा. आणि त्या काळी उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र होता हे पहिल्याच परिच्छेदात सांगा, नाहीतर कॅन्ससमध्ये बुडी मारायला पाणी कुठलं, हा प्रश्न येणारच.