लढाया नकोत, गावातली माणसं हवीत : अभ्यासपूर्ण पुस्तकं सुचवा

माणकाठ
नमस्कार मंडळी. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि लढायांची वर्णनं पुष्कळ वाचली. आता दुसरं काही हवंय. आमचं गाव सांगोला तालुक्यात. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी अशा गावात कोण कशावर जगत होतं, खळ्यावरचं धान्य कुणाकुणाच्या पदरात पडायचं, धनगर मेंढरं घेऊन कुठवर जायचे, त्यांच्या बिरोबा देवाचं आणि विठोबाचं नातं काय, हे कुणी नीट शोधून लिहिलंय का? जाड पुस्तक चालेल, तळटीपा तर हव्याच. मराठीत असेल तर आधी ते, नाहीतर इंग्रजी.

जुनं दप्तर
डोळे झाकून 'गावगाडा' घ्या. त्रिंबक नारायण आत्रे, 1915. महसुली कामानिमित्त गावोगाव फिरलेला माणूस. शाळेत बलुतेदारांची नुसती यादी पाठ केलेली असते. इथे सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग यांचं काम काय, हक्क काय आणि त्यावरून तंटे कसे होतात, हे सगळं दिसतं. भाषा जुनी आहे, पण ठसठशीत. शब्दांसाठी तरी वाचाच. त्यातले कितीतरी तुमच्या आजोबांच्या तोंडी असतील.

पांढरी-काळी
पुस्तक थोर आहेच, पण ते एकटं वाचू नका अशी कळकळीची विनंती. आत्रे गावाकडे कारभाऱ्याच्या नजरेने बघतात. भटक्या जमातींबद्दल लिहिताना तर ते लोक म्हणजे गावाला बसलेला भुर्दंड, असाच सूर आहे. आज ते वाचताना त्रास होतो आणि व्हायलाच हवा. त्याच्या आधीचा, 1883 चा, जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' शेजारी ठेवा. सारा, सावकार, कोर्टकचेरी, कारकून, आणि गायरानं गिळणारं जंगल खातं... हे सगळं कुणब्याच्या बाजूने मांडलंय. एकच गाव, पण लिहिणारा कुठे उभा आहे त्यावर काय दिसतं ते ठरतं. 'असूड' फुल्यांच्या समग्र वाङ्मयात आहे, राज्य सरकारचं प्रकाशन.

जुनं दप्तर
मान्य. फिरस्त्यांवरचा भाग मलाही बोचला होता. तरी तपशिलासाठी आत्र्यांना पर्याय नाही, यावर मी ठाम आहे.

वाडा-मेंढरं
बिरोबा-विठोबाचं विचारलंत म्हणून मुद्दाम लिहितेय. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय', 1984. याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा, आणि वैष्णव रूप त्याला पुढे मिळालं, ही त्यांची मांडणी. ती पटो न पटो, पुरावा कसा गोळा करायचा हे शिकण्यासाठी वाचा. स्थळपुराणं, शिलालेख, संतांचे अभंग आणि धनगरांच्या तोंडच्या कथा ते एकाच मापाने तपासतात. ओव्या गाणाऱ्या माणसाचा शब्द पोथीइतकाच मोलाचा मानणारा असा विद्वान विरळा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव (बिरदेव म्हणजे बिरोबाच) माहीत असेल, तर हे सगळं फारच जवळचं वाटेल.

मेंढरांच्या वाटांसाठी गुंथर सोन्थायमर. हा जर्मन अभ्यासक धनगरांमध्ये राहून-फिरून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा गोळा करत होता. मूळ पुस्तक जर्मन. 'पास्टोरल डेइटीज इन वेस्टर्न इंडिया' हा इंग्रजी अनुवाद ॲन फेल्डहाउस यांनी केलाय. ढेऱ्यांचं विठ्ठलावरचं पुस्तक इंग्रजीत आणलं तेही त्यांनीच.

आणि दा. ध. कोसंबींचं 'मिथ अँड रिॲलिटी', 1962. गणिती माणूस, पण पुण्याच्या आसपासच्या माळांवर पायी फिरून म्हसोबा, मेसाई अशा देवांची ठाणी आणि तिथे सापडणारी अश्मयुगीन गारगोटीची हत्यारं यांचा संबंध शोधतो. काही निष्कर्ष घाईचे वाटतात, पण वाचल्यावर गावाबाहेरचा शेंदूर फासलेला दगड ओलांडून जाता येत नाही.

माणकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार! ढेरे एकदम झेपतील का? की आधी सोपं काही?

वाडा-मेंढरं
झेपतील. संस्कृत उतारे अडले तर पुढे जा, खालचं विवेचन पुरेसं असतं. वाचताना पंढरपूर परिसराचा नकाशा जवळ ठेवा, कारण गावांची नावं भराभर येतात. घरात कुणाला धनगरी ओव्या येत असतील तर आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा, गाणाऱ्याचं नाव-गाव सांगून.

पांढरी-काळी
'असूड' आधी घ्या. लहान आहे, दोन-तीन बैठकांत होईल.