मदत हवी आहे: आईचा दवाखान्यातला सहावा आठवडा, तिचा प्रार्थनेचा गट आणि मधे अडकलेली मी

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सॉरी. रात्रीचे दोन वाजलेत आणि या खुर्चीत झोप लागत नाही.

आईला मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आहे. तिच्याच स्टेम सेल्स (रक्त तयार करणाऱ्या पेशी) काढून परत द्यायचं ट्रान्सप्लांट झालंय, पण मधेच ताप आला म्हणून सगळं पुढे गेलं, त्यामुळे आज भरती होऊन एकेचाळीस दिवस आणि ट्रान्सप्लांटनंतरचा अकरावा. आयसोलेशन रूम, सोबत मी एकटीच, बाकी कुणालाच आत सोडत नाहीत. उपचारांबद्दल काही तक्रार नाही, रोज सकाळी 'काउंट आले का' (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा) एवढंच विचारायचं आणि वाट बघायची.

माझी अडचण वेगळीच आहे. आईचा प्रार्थनेचा गट आहे, वीस-बावीस जण, दर गुरुवारी संध्याकाळी वाचन, जप आणि मग गप्पा. एकोणीस वर्षांत तिने गुरुवार चुकवलेला नाही, माझ्या बाळंतपणातसुद्धा गुरुवारी दोन तास गायब! वाचनाची सुरुवात कायम तीच करते. माणसं खरंच जीव लावणारी आहेत, पण आता रोज कुणीतरी खाली येऊन पिशवी ठेवून जातं, फुलं, रक्षा, दोरा, बाटलीत भरून आणलेलं पवित्र पाणी, आणि सिक्युरिटीवाला मला फोन करतो की मॅडम हे वर येणार नाही. मग मी त्या माणसाला फोन करून नाही म्हणायचं. एक काकू म्हणाल्या, श्रद्धेच्या गोष्टीने कधी इन्फेक्शन होतं का गं? मी 'नाही काकू, नियम आहे' म्हणून ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

शिवाय 'कशी आहे' हा फोन दिवसातून पंचवीस वेळा. गेल्या गुरुवारी सगळ्यांनी मिळून व्हिडिओ कॉल लावला तर आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. केस गेलेत, तोंड आतून सोललंय, आवाज फुटत नाही, पाटीवर लिहून बोलते. आणि काल तिने लिहिलं, 'जप होत नाही. पुढचं आठवतच नाही.' ते वाचल्यापासून माझं डोकं चालत नाहीये. तिची लाकडी माळ सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बाहेर ठेवायला लावली, मला वाटलं त्यामुळे असेल, पण तसं नाही वाटत.

लोकांना न दुखवता कसं थांबवायचं आणि आईचं हे तुटत चाललंय ते कसं धरून ठेवायचं? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

रात्रपाळी:
ताई, मी अशाच वॉर्डात चौदा वर्षं नर्स आहे. आधी जपाचं सांगते कारण तेच तुम्हाला खातंय. तोंड सोललेल्या पेशंटला दुखणं कमी व्हायला मॉर्फिन किंवा फेंटानिल चालू असतं, वर अ‍ॅलर्जीची आणि उलटीची इंजेक्शनं, झोप तुकड्यातुकड्यात. या अवस्थेत मी रिटायर्ड गणिताच्या सरांना सातचा पाढा विसरताना पाहिलंय. विसरणं बऱ्याचदा औषधांचं आणि थकव्याचं असतं, श्रद्धा आटल्याचं नाही, आणि हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं कारण पेशंट मनात भलतंच धरून बसतात. पण त्या वेळ-वार विसरत असतील, नसलेली माणसं दिसत असतील, किंवा अचानक गोंधळल्यासारख्या वाटल्या तर लगेच ड्युटी डॉक्टरला सांगा, ती वेगळी गोष्ट आहे.

आता काकूंचं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली असतात तेव्हा शरीरात लढायला कुणी नसतं. फुलदाणीच्या पाण्यात जिवाणू वाढतात, कुंडीतल्या ओल्या मातीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते, निरोगी माणसाला तिचं काही होत नाही पण अशा पेशंटच्या फुप्फुसात ती जीवघेणी ठरू शकते. न उकळलेलं पाणी, सेंट्रल लाइनजवळ (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीजवळ) रक्षेची पूड, मनगटावर भिजून राहिलेला दोरा, सगळ्याचं तेच. यात श्रद्धेचा अपमान नाही हो, जंतूला कुठे कळतं पाणी कुठलं आहे. नकार तुम्ही देऊ नका, आमच्यावर ढकला, 'सिस्टर फार कडक आहे' म्हणा. आम्हाला सवय आहे.

माळ लाकडी असते तेव्हा ती नीट पुसता येत नाही. गुळगुळीत मण्यांची, सॅनिटायझरने पुसता येईल अशी चालेल का विचारा. नाहीतर बोटांची पेरं आहेतच, एका हातावर बारा. आणि दिवा-मेणबत्ती-उदबत्ती कुणी सुचवली तर तिथेच थांबवा, ऑक्सिजन आणि सॅनिटायझर दोन्ही असलेल्या खोलीत ज्योत नको म्हणजे नकोच.

गप्पाटप्पा:
फोन बंद ठेवा सरळ. एवढा विचार काय करायचा.

सावली:
फोन बंद केला की लोक दवाखान्याच्या दारात येतात, अनुभव आहे :) एक करा, गटातला एकच माणूस ठरवा, तुम्ही संध्याकाळी त्याला एक मेसेज टाका, बाकीच्यांना तो सांगेल. अब्बांच्या वेळी आम्ही तेच केलं. आणि आई उपासाचा हट्ट करत असतील तर त्यांच्या मानणाऱ्यांपैकीच कुणाला बोलायला लावा, मुलांचं ऐकत नाहीत. अब्बा रोजा सोडेनात, शेवटी मौलाना फोनवर म्हणाले की कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, आयत १८५ मध्ये आजाऱ्याला नंतर भरून काढायची सवलत दिलेली आहे, ती तुम्ही नाकारणारे कोण? तेव्हा कुठे जेवले. ज्यू लोकांतही जीव वाचवणं उपासाच्या वर असतं असं तेव्हा शेजारच्या बेडवाल्यांकडून कळलं.

बेड नंबर नऊ:
मी पेशंट होतो, पाच वर्षांपूर्वी, हेच ट्रान्सप्लांट. मेल्फालान (ट्रान्सप्लांटआधीची केमो) चालू असताना तोंडात बर्फ धरून बसलो होतो म्हणून माझं तोंड जरा वाचलं, पण केस-बिस सगळं तसंच.

तुम्हाला पेशंटच्या बाजूने सांगतो. व्हिडिओ कॉल म्हणजे वीस चेहरे तुमच्याकडे बघतायत आणि तुम्ही बरं दिसायचं काम करताय. मला ते नको झालं होतं. सगळे माझ्यासाठी प्रार्थना करत होते आणि मी नुसता घेणारा. एकदा आमच्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मेसेज टाकला, त्यात तब्येतीचं अवाक्षर नाही, 'हिशोबाची वही कुठे ठेवलीस, सापडत नाहीये' एवढंच. दोन आठवड्यांत पहिल्यांदा उठून बसलो, कपाटाचा नकाशा काढून पाठवला. वही तिथे नव्हतीच, तो भाग सोडा.

त्यामुळे माझं म्हणणं, आईंना पाठवू नका काही, त्यांच्याकडे मागा. सुरुवातीचं वाचन त्या करतात ना? मग ती जागा कुणी घेऊन टाकली असेल तर आधी ती रिकामी करा. या गुरुवारी काय वाचायचं ते त्यांनी ठरवायचं. आणि कॅमेरा बंद, फक्त आवाज, तोही त्यांची बाजू म्यूट करून. त्यांना झोपून ऐकू दे, मधेच झोप लागली तरी चालेल.

घरी गेल्यावर लगेच गर्दीत बसता येणार नाही, मला पहिले काही महिने सांभाळायला सांगितलं होतं, लहानपणच्या लसीसुद्धा पुन्हा घ्याव्या लागल्या. गटातल्यांना काही करायचंच असेल तर त्यांनी स्वतः फ्लूची लस घ्यावी, ते फुलांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मूळ धागालेखिका:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, एकेकाला उत्तर देता आलं नाही.

रात्रपाळी ताई, आईला औषधांचं सांगितलं. तिने बराच वेळ बघितलं आणि पाटीवर लिहिलं, 'मला वाटलं माझंच काही चुकलं'. अकरा दिवस हे डोक्यात घेऊन पडली होती, आणि मी माळेचा विचार करत बसले होते.

फोनचं काम त्याच काकूंना दिलं. ज्यांनी इन्फेक्शनचं विचारलं होतं त्याच. आता त्या इतरांना बुरशीवर लेक्चर देतात म्हणे.

गुरुवारी आईला विचारलं काय वाचायचं. पुस्तक जुनं, धुळीचं, ते आणता येत नाही, म्हणून मी फोनवर पानांचे फोटो दाखवत गेले. ती नको नको अशी मान हलवत राहिली, वीस मिनिटं, मला वाटलं दमली, बंद करूया. मग पाटी ओढून घेतली. अक्षर थरथरत होतं, नीट लागेना, दोनदा पुसून लिहिलं.

'पान ६४. आणि सावकाश वाचा म्हणावं. मी नसले की पळतात.'

तसंच्या तसं कळवलंय. काउंट काल ३००, आज ४२०. ५०० च्या वर तीन दिवस टिकायला हवेत म्हणतात. एकच विचारायचं राहिलं, गटाचं रेकॉर्डिंग आलंय पण मागे पंख्याचा आवाज फार आहे, तो कमी करायचं एखादं सोपं अ‍ॅप कुणाला माहीत आहे का?