'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे वाजला की बंद पडला?

शंकेखोर:
कंपनीच्या सुरक्षा सूचनांचं मराठी करायचं आहे. त्यात आहे, 'इफ द फायर अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग'. ऑफ म्हणजे बंद ना? मग अलार्म बंद पडल्यावर बाहेर का पळायचं? पुढे 'द लाइट्स गो ऑफ ॲट टेन' आहे, तिथे मात्र दिवे खरंच बंद होतात. ओळखायचं कसं?

व्याकरणवेडा:
'अलार्म वाजल्यास इमारतीबाहेर पडा' असंच लिहा. इथे उलटा अर्थ छापला गेला तर जिवावर बेतेल.

कर्ता बघा. जी वस्तू सज्ज होऊन गप्प बसलेली असते ती 'गो ऑफ' झाली की सुरू होते. अलार्म वाजतो, बॉम्ब फुटतो, फटाका उडतो. जी आधीपासून चालू असते ती थांबते: दिवे, हीटर, पंखा. फसवतो तो कॅमेऱ्याचा फ्लॅश. जात दिव्याची, पण 'द फ्लॅश वेंट ऑफ' म्हणजे फ्लॅश चमकला. नाटकात कुणाचा फोन 'वेंट ऑफ' झाला, तर तो वाजला.

अलार्म थांबला हे सांगायला 'द अलार्म स्टॉप्ड', आणि कुणी बंद केला असेल तर 'टर्न्ड ऑफ'.

अनुवादिनी:
एक भर. 'द गन वेंट ऑफ' दिसलं की 'गोळी झाडली' लिहायचा मोह होतो. टाळा. त्या वाक्यात झाडणारा कोणी नाही. 'गोळी सुटली' हेच बरोबर. कोर्टाच्या कागदात तर हा फरक फार मोठा.

याच कारणाने 'ही वेंट ऑफ द बॉम्ब' चूक. फोडणारा सांगायचा असेल तर 'ही सेट ऑफ द बॉम्ब'. 'द बॉम्ब वॉज गॉन ऑफ' असा कर्मणी प्रयोगही होत नाही.

साता_समुद्रापार:
खाण्याच्या बाबतीत हा शब्द मुख्यतः ब्रिटिश. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं. भाजी-आमटीला आपलं 'उतरली' चपखल बसतं. अमेरिकेत सहसा 'गॉन बॅड' म्हणतात.

'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' हेही ब्रिटिशच: कॉफीवरून मन उडालं. इथे मात्र 'ऑफ'नंतर नाम लागतं, आणि ते मध्ये घुसवता येत नाही. 'गॉन कॉफी ऑफ' चालणार नाही. अमेरिकन बोलण्यात 'ही वेंट ऑफ ऑन मी' म्हणजे तो माझ्यावर भडकला. 'ही वेंट ऑफ विथ माय अम्ब्रेला' यात राग वगैरे काही नाही, छत्री घेऊन गेला एवढंच.

शंकेखोर:
आभार. आणि कार्यक्रम 'वेंट ऑफ वेल'? मेणबत्तीलाही 'गो ऑफ' चालेल का?

व्याकरणवेडा:
कार्यक्रम चांगला पार पडला. मात्र तिथे 'वेल', 'स्मूदली' असं काहीतरी जोडावंच लागतं. नुसतं 'द प्रोग्रॅम वेंट ऑफ' अर्धवट राहतं.

मेणबत्ती, चूल, शेकोटी विझते तेव्हा 'गो आउट'. विजेच्या दिव्याला दोन्ही चालतं. मेणबत्ती 'वेंट ऑफ' लिहिलंत तर वाचणाऱ्याला तिचा स्फोट झाला असं वाटेल.