उकळत्या पाण्यात तार वितळलीच कशी?

मेकॅनिकलवाला: काल लॅबमध्ये बीकरच्या पाण्यात नायक्रोमची (निकेल-क्रोमियमची, हीटरमध्ये असते ती) तार बुडवून व्होल्टेज वाढवत होतो. बुडबुडे मस्त येत होते. एकदम तार लालभडक झाली आणि फट्! चहूबाजूंनी १०० अंशांचं पाणी, तरी तुटली. सर म्हणाले, "घाई नडली."

कूलिंगकाका: बरोबर बोलले. तापलेल्या तव्यावर थेंब तुरुतुरु पळतो ना, तसंच. बुडबुडे एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेची चादर झाली, उष्णता आत अडकली. अशी चादर होण्याआधी पाणी तारेची जास्तीत जास्त किती उष्णता ओढून घेऊ शकतं, याची मर्यादा हवेच्या साध्या दाबाला तारेच्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटीमीटरला साधारण १०० वॉट. जपानात नुकियामा या संशोधकांनी १९३४ मध्ये हेच नोंदवलं. त्यांचीही नायक्रोम जळली, मग जास्त तापमान सोसणारं प्लॅटिनम वापरलं.

मेकॅनिकलवाला: प्लॅटिनम? इथे नायक्रोमसुद्धा सही करून वीतभर मिळते!

कूलिंगकाका: मग शेवटी शेवटी अर्धा-अर्धा व्होल्टच वाढव. आणि तार लाल दिसली की आधी स्विच बंद, मग वहीत नोंद.