अवयव कापल्यावर प्रांत बदलतो का?

प्रश्न:
फ(क्ष) = (क्ष² − ४) / (क्ष² − ५क्ष + ६) या परिमेय फलाचा प्रांत (क्ष च्या चालणाऱ्या सगळ्या किमती) काढायचाय. अवयव पाडून (क्ष − २) कापला की (क्ष + २) / (क्ष − ३) उरतं. मग फक्त ३ वगळायला हवा ना? उत्तरात २ सुद्धा वगळलाय. २ ठेवला तर सरळ −४ येतंय, मग अडतंय कुठे?

प्रतिसाद १:
प्रांत मूळ राशीवरून ठरतो, कापून उरलेल्या रूपावरून नाही. मूळ छेदात २ ठेवा: ४ − १० + ६ = ०. अंशही ०. ०/० ला किंमत नाही. कापणं म्हणजे अंश आणि छेद दोन्हींना (क्ष − २) ने भागणं, आणि ते क्ष ≠ २ असेल तरच चालतं. ही अट उरलेल्या रूपाशेजारी लिहायचीच.

तुमचं −४ निरर्थक नाही. क्ष = १.९९ ला किंमत सुमारे −३.९५ येते, २.०१ ला सुमारे −४.०५. आलेख दोन्ही बाजूंनी (२, −४) कडे येतो, पण तो बिंदू आलेखावर नसतो. तिथे पोकळ वर्तुळ काढा. ३ ला मात्र छेद ०, अंश ५. तिथे आलेख डावीकडून खाली आणि उजवीकडून वर अमर्याद जातो.

प्रश्नकर्ता:
पटलं. मग अंश शून्य करणारा −२ पण वगळू?

प्रतिसाद २:
अजिबात नाही. −२ ला ०/२० = ०, म्हणजे ते फलाचं शून्य झालं. बंदी फक्त छेदाच्या शून्याला. छेद क्ष³ − ९क्ष असेल तर क्ष³ = ९क्ष लिहून दोन्हीकडे क्ष ने भागू नका, ० हे मूळ (समीकरणाची उकल) हातचं जातं. सामाईक अवयव बाहेर काढा: क्ष(क्ष − ३)(क्ष + ३), म्हणून ०, ३, −३ वगळा. छेद क्ष² + ४ असेल तर विवेचक (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी राशी) −१६, वास्तव मूळच नाही. प्रांत सगळ्या वास्तव संख्या.

प्रतिसाद ३:
अंतराल रूपात मूळ प्रश्नाचं उत्तर (−∞, २) ∪ (२, ३) ∪ (३, ∞). मधला तुकडा बरेच जण विसरतात, पण २.५ चालतो: २.२५ / (−०.२५) = −९.

भागाकार असेल तर जास्त जपा. १/(क्ष − १) ÷ (क्ष − ४)/(क्ष + ५) यात १ आणि −५ वगळायचेच, शिवाय ४ सुद्धा, कारण तिथे भाजक शून्य होतो. उलटवून गुणलं की (क्ष + ५) अंशात जातो आणि −५ नजरेतून सुटतो. म्हणून वगळायच्या किमती उलटवण्याआधीच टिपून ठेवा.